तहानेवरचा पहारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मूत्रपिंडाच्या आजाराविषयी आहेत. एक पत्नीचे, एक स्वतः रुग्ण असलेल्या तरुणीचे आणि एक धाकट्या भावाचे. तिघांचा एकमेकांशी परिचय नाही, पण तिन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली तेव्हा ती एकमेकांशी बोलत आहेत असे वाटले, म्हणून तिन्हींना एकाच अंकात उत्तर देते आहे.

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे असून माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. १६ वर्षांच्या मधुमेहानंतर त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि गेले १४ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर द्रवपदार्थांची मर्यादा घालून दिली आहे. ती पाळली जावी म्हणून मी माठ स्वयंपाकघरातून उचलून माडीवर नेला, फ्रिजला कुलूप लावले आणि पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवणेही बंद केले. तरीही प्रत्येक वेळी त्यांचे वजन तीन-साडेतीन किलोने वाढलेले असते आणि तिथल्या सिस्टर मलाच बोलतात. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता न्हाणीघरातून नळाचा आवाज आला म्हणून उठले, तर ते अंधारात ओंजळीने पाणी पीत होते. मी ओरडले. ते इतकेच म्हणाले, ‘तू आता बायको राहिली नाहीस, पहारेकरीण झालीस.’ तेव्हापासून आमच्यात कामापुरते बोलणे आहे. सासूबाई माझ्या नकळत त्यांना शहाळे देतात. मी वर्षभरात माहेरी गेलेले नाही. माझे काही चुकते आहे का?
— स. प., सांगली जिल्हा

उत्तर : ताई, न्हाणीघरातला तो प्रसंग वाचून मला माझी आई आठवली, म्हणून उत्तराची सुरुवात तिच्यापासून करते. रुग्णालयाच्या मूत्रपिंड विभागात समाजसेविका म्हणून मी २२ वर्षे काम केले. आईचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा मला नोकरीत जेमतेम चार वर्षे झाली होती आणि या आजारातले आपल्याला सगळे कळते, अशी माझी समजूत होती. मीही घरातला तांब्या आणि फुलपात्र उचलून ठेवले होते. एका दुपारी ती झोपाळ्यावर पदराचे टोक तोंडात धरून बसलेली दिसली. जवळ गेले तेव्हा लक्षात आले, की ते टोक ओले आहे. देवघरातल्या ताम्हनात उरलेले चमचाभर पाणी तिने पदराने टिपून घेतले होते आणि ते ती चोखत होती. मला पाहताच तिने पदर सोडून दिला आणि चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी मान खाली घातली. जिने आयुष्यात परक्याच्या पैला हात लावला नाही, त्या बाईला मी तिच्याच घरात चोर करून ठेवले होते.

तुम्ही पाण्यावर लक्ष ठेवता यात तुमचे काहीच चुकत नाही, कारण मर्यादा खरी आहे. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास न थांबता काम करतात. डायलिसिसच्या यंत्राला तेच काम चार-चार तासांच्या तीन बैठकांत, म्हणजे १२ तासांत उरकावे लागते. मधल्या दिवसांत प्यालेले पाणी लघवीवाटे जात नसेल तर ते पायावर, चेहऱ्यावर आणि शेवटी फुप्फुसांत साचते, हृदयावर ताण येतो, आणि साडेतीन लिटर पाणी चार तासांत ओढून काढायचे म्हटले की रक्तदाब एकदम उतरतो, पायात गोळे येतात, माणूस घरी येतो तो गळून गेलेला असतो. हे सगळे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणूनच तुम्ही घाबरलेल्या आहात. चुकते आहे ते इतकेच, की तुम्ही कुलूप चुकीच्या वस्तूला लावले आहे आणि किल्ली चुकीच्या माणसाकडे ठेवली आहे.

आधी वस्तूविषयी. अंगात पाणी तुंबलेले असतानाही माणसाला तहान का लागते, हे पुष्कळ घरांत कोणी समजावून सांगितलेलेच नसते. अंगात पाणी किती आहे यापेक्षा रक्तात मीठ किती आहे यावर तहान जास्त अवलंबून असते. साधारण ८ ग्रॅम मीठ पोटात गेले, की ते विरघळवून ठेवण्यासाठी शरीर सुमारे १ लिटर पाणी मागते, आणि ही मागणी मेंदूकडून येत असल्यामुळे ती निर्धाराने परतवून लावता येत नाही. खारट जेवू घालून पाणी नाकारणे ही त्या माणसाला दिलेली शिक्षा ठरते, मग ती देणाऱ्याच्या मनात कितीही माया असो. तुमच्या भागात जेवणाच्या ताटात खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी असते, चार वाजता चहाबरोबर खारी किंवा भडंग असते, भाकरीच्या पिठात चिमूट आणि भाताच्या आधणात चिमूट पडतेच, आणि पापड-लोणचे कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढ माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. तेव्हा लक्ष ठेवायचेच असेल तर ते मिठाच्या डब्यावर ठेवा. साऱ्या घराचा स्वयंपाक कमी मिठाचा करा आणि ज्याला हवे त्याने आपल्या ताटात वरून घ्यावे. त्यांच्यासाठी वेगळे अळणी वाढले तर ते पथ्याचे ताट होते आणि घास घशाखाली उतरत नाही. लसूण, जिरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबाचे चार थेंब यांनी चव राखता येते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : दुकानात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते आणि ते डायलिसिसच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

यजमानांना मधुमेह आहे, म्हणून आणखी एक. रक्तातील साखर वाढली की तहान वाढते. ज्या दिवशी त्यांना पाण्यावाचून राहवत नाही, त्या दिवशी साखर तपासून पाहा. मूत्रपिंडे काम करेनाशी झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे उलटे म्हणजे साखर उतरण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी संत्र्याचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते. साधी साखर किंवा ग्लुकोजची पावडर द्या आणि पुढच्या खेपेला इन्सुलिनच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारा.

आता किल्लीविषयी. तुमचे यजमान गणिताचे शिक्षक आहेत. गेली कितीतरी वर्षे ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना हिशेब शिकवले, त्यांच्या स्वतःच्या पाऊण लिटरचा हिशेब त्यांच्याकडे नाही, तो तुमच्याकडे आहे. तो त्यांना परत करा. माठ खाली आणा आणि फ्रिजचे कुलूप काढा. रोज सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पाऊण लिटरची बाटली भरावी. ती दिवसभराची शिल्लक. चहा १०० मिलीलिटर घेतला तर बाटलीतले तेवढे पाणी तुळशीत ओतावे. आमटी, ताक, खीर, बर्फ, गोळीबरोबरचा घोट, सगळे तसेच वजा करत जावे. दुपारी दोन वाजता बाटलीत किती उरले हे त्यांना दिसेल आणि संध्याकाळचा चहा घ्यायचा की रात्रीसाठी दोन घोट राखायचे, हे ते ठरवतील. आमच्या विभागात ज्यांना ही बाटली मानवली त्यांच्यापैकी बहुतेकांनी तीत स्वतःचे काही ना काही घातले : एक आजोबा फक्त लहान फुलपात्रातून पीत, एक ताई लिंबाची फोड चोखून तोंड ओले ठेवत, एकांनी दिवसाचा तिसरा भाग बर्फाच्या खड्यांसाठी राखला होता, कारण बर्फ तोंडात जास्त वेळ टिकतो. नुसती गार चूळ भरून टाकली तरी पुष्कळदा भागते. वजनाची वहीही त्यांचीच असावी, तारखा आणि आकडे त्यांच्या अक्षरात.

कधी बाटलीबाहेर पाणी जाईल. तुम्हाला ते कळेलही. त्या वेळी गप्प राहणे तुम्हाला फार जड जाईल याची मला कल्पना आहे, पण तिथे बोलायला वजनकाटा आहे आणि सिस्टर आहेत. सिस्टर तुम्हाला बोलतात, ते थांबवा. पुढच्या वेळी वजन घेताना तुम्ही बाहेर थांबा आणि त्यांना आधीच सांगून ठेवा, की ‘जे सांगायचे ते सरांना सांगा, ते समजून घेतील.’ पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकाच्या वजनाविषयी त्याच्या बायकोला जाब विचारला जातो आणि तो बाजूच्या खाटेवर पडून ऐकत असतो, ही गोष्ट त्याला आजाराइतकीच खाते.

सगळेच त्यांच्यावर सोडा असे मात्र मी म्हणत नाही. आडवे पडल्यावर श्वास लागणे, अंगातील शक्ती अचानक जाणे किंवा छातीत धडधड, थंडी वाजून ताप, हातावरच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेल्या रक्तवाहिनीची, थरथर बंद पडणे, सुईच्या जागेतून न थांबणारे रक्त, यांपैकी काहीही झाले तर त्यांची परवानगी मागत बसू नका. रक्त येत असेल तर त्या जागी बोटाने घट्ट दाबून धरा आणि सरळ दवाखाना गाठा. एरवी जो मान त्यांचा आहे, तो अशा घटकेला बाजूला ठेवावा लागतो, आणि हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

सासूबाईंच्या शहाळ्याविषयी. लेकराच्या ओठांना कोरड पडलेली आईला बघवत नाही, आणि आजाऱ्याला शहाळे द्यायचे हे त्या आयुष्यभर करत आल्या आहेत. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम फार असते आणि रक्तात ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून क्षणात घात होऊ शकतो. परंतु हे सुनेच्या तोंडून ऐकले तर ती सुनेची सत्ता वाटते. त्यांना एकदा डायलिसिस केंद्रात बरोबर घेऊन जा आणि आहारतज्ज्ञांसमोर किंवा डॉक्टरांसमोर बसवा. मग त्यांना काम द्या, खरे काम. बटाटा, रताळे, पालेभाजी यांतले पोटॅशियम कमी करायचे तर भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी लागते आणि ते पाणी ओतून द्यावे लागते. जुन्या बायकांना हे भाजीतले सत्त्व मोरीत ओतल्यासारखे वाटते, म्हणून त्या आधी कुरकुरतील. तरी विळीवर इतकी बारीक भाजी चिरणारे हात त्या घरात त्यांचेच असतील. शहाळ्याची जागा घेणारे दुसरे काहीतरी त्यांच्या हातून मुलाच्या पोटात गेले पाहिजे, एवढेच पाहा. यजमानांना डॉक्टरांनी रक्तातला फॉस्फरस आटोक्यात ठेवण्यासाठी गोळ्या दिल्या असतील, तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, उपाशीपोटी त्यांचा उपयोग होत नाही. पानाशेजारी ती गोळी ठेवण्याचे कामही आईकडे देता येईल.

आणि तुम्ही. डायलिसिसच्या चार तासांत तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहत असाल, कारण जवळजवळ सगळ्याजणी बसतात. त्या वेळी तिथे परिचारिका आणि तंत्रज्ञ असतात, तुमचा फोन चालू असतो. आठवड्यातला एक दिवस त्या बाकावरून उठा. स्वतःचा रक्तदाब तपासून घ्या, बहिणीकडे जाऊन या. माहेरी दोन रात्री राहायचे ठरवा आणि त्या काळात घरात कोण थांबणार हे यजमानांनाच ठरवू द्या. तुम्ही पैशांविषयी काही लिहिलेले नाही, पण हे पान वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते आणि अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कागदपत्रांसाठी मदत करतात, २०१६ पासून केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमामुळे अनेक जिल्हा रुग्णालयांतही ही सोय झाली आहे, आणि एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत आहे, तिची चौकशी आगारात करावी.

राहिले तुमच्यातले बोलणे. पहारेकरीण हा शब्द तुम्हाला लागला आहे आणि तो लागावा असाच आहे. त्याचे उत्तर देऊ नका. माठ खाली आणून जागेवर ठेवाल तेव्हा एवढेच म्हणा, की ‘त्या रात्री मी घाबरले होते म्हणून ओरडले.’ मी आईला हे म्हणायला आठ महिने लावले.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, लेखापरीक्षकाच्या कार्यालयात काम करते आणि तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. सकाळच्या पाळीत उपचार घेऊन दुपारी कामाला जाते. घरचे सगळे माझ्यासाठी खूप करतात, पण घरात मी पाहुण्यासारखी झाले आहे. मला भाजी निवडू देत नाहीत, घरातल्या अडचणी माझ्यापासून लपवतात. भावाचा साखरपुडा ठरला तो नेमका माझ्या डायलिसिसच्या दिवशी, आणि तारीख ठरवताना मला कोणी विचारले नाही. आई म्हणाली, ‘तुला दगदग नको म्हणून.’ त्याच वेळी लग्नात दोन्ही हातांत हिरवा चुडा भरलाच पाहिजे असा मावशीचा आग्रह आहे, आणि फिस्टुलाच्या हातात बांगड्या चालत नाहीत हे मी सांगितले तर ‘अपशकुनासारखे बोलू नकोस’ म्हणते. हे कसे सांगावे?
— क., ठाणे

उत्तर : आधी बांगड्यांचे, कारण तिथे तडजोड नाही. फिस्टुला म्हणजे रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेली वाट. तिच्यातूनच तुमचे रक्त यंत्राकडे जाते आणि परत येते. त्या हातावर घट्ट बांगडी, घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा, पिशवीचा बंद, झोपेत डोक्याचा भार, यांपैकी कशानेही प्रवाह अडून रक्त गोठू शकते, आणि एकदा ती वाट बंद पडली की नवी करून ती वापरण्याजोगी होण्यात आठवडे, कधी महिने जातात. हे मावशींना शब्दांत सांगू नका. त्यांचे बोट धरून तुमच्या मनगटावर ठेवा. आत मांजर गुरगुरावे तशी जी थरथर लागते, ती त्यांनी एकदा स्वतःच्या बोटाने अनुभवली, की चुड्याचा विषय बहुधा आपोआप मिटेल. दुसऱ्या हातात हवा तेवढा चुडा भरा. या हाताला मोगऱ्याचा सैल गजरा शोभेल.

बाकीचे उत्तर तुमच्या आईसाठी आहे, हे पान तिला वाचायला द्या. आई, मुलीला दगदग नको या मायेपोटी तुम्ही तिच्याकडून एकेक काम काढून घेतलेत आणि त्या कामांबरोबर तिचे घरातले मत गेले. ती आठवड्यातून तीन सकाळी दोन जाड सुया टोचून घेते, चार तास पडून राहते आणि मग दुसऱ्यांचे हिशेब तपासायला जाते. असल्या मुलीला साखरपुड्याची तारीख विचारल्याने दगदग होत नाही. विचारले असते तर तिने कामाचे सांगितले असते : की केंद्राला पुरेसे आधी कळवले तर डायलिसिसची पाळी एखादा दिवस पुढे-मागे करून मिळते, पण ती चुकवायची मात्र नाही, कारण दोन दिवसांचे लांबलेले अंतर या आजारात सर्वांत धोक्याचे असते, की उपचाराच्या दिवशी तिचे अंग गळून जाते आणि दुसऱ्या दिवशी तिला सर्वांत बरे वाटते, म्हणून समारंभ दुसऱ्या दिवशी धरावा. हे सगळे तिला ठाऊक आहे. घरात या आजाराविषयी सर्वांत जास्त कळणारी व्यक्ती तीच आहे आणि तिलाच आपण बैठकीबाहेर ठेवतो.

तुम्हाला, क., एक विनंती करते. ‘मला सगळे करू द्या’ असे मोघम म्हणू नका, ते कोणाला झेपत नाही. नेमके सांगा. लग्नाचा जमाखर्च मी ठेवते. रविवारची भाजी मी निवडते. अमुक दिवशी मी दार लावून झोपणार, तेव्हा कोणी विचारायला येऊ नका. मदत कशी हवी हे आजाऱ्याने सांगितले, तर ती देणाऱ्यालाही हायसे वाटते, कारण अंदाजाने माया करणे फार थकवणारे असते. तुमची आईही थकली असेल.

प्रश्न : माझे थोरले बंधू ४४ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. माझा आणि त्यांचा रक्तगट एकच निघाल्यापासून घरात सगळ्यांनी धरून चालले आहे, की मूत्रपिंड मी देणार. दादांनी स्वतः मात्र कधी मागितलेले नाही. मला दोन लहान मुली आहेत, शस्त्रक्रियेची मला खरोखर भीती वाटते, आणि ती बोलून दाखवण्याची लाज वाटते. दर बुधवारी त्यांना गाडीवरून केंद्रात मी सोडतो, पण वाटेत आम्ही या विषयावर बोलत नाही. मी स्वार्थी आहे का?
— र., नाशिक

उत्तर : नाही. तुमचे शरीर तुमचे आहे, आणि ते देणे हे जर दान असेल तर ते नाकारता येण्याजोगे असलेच पाहिजे.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा नेमक्या याच गोष्टीवर उभा आहे. पती-पत्नी, आईवडील, मुले आणि भावंडे हे जवळचे नातलग दाते होऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यांत आली. पण नाते जवळचे असल्याने संमती गृहीत धरता येत नाही. ती दात्याने स्वतः, कोणाच्या दबावाशिवाय द्यायची असते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत केव्हाही मागे घेता येते. रुग्णालयात दात्याशी एकट्याशी बोलले जाते. त्या खोलीत तुमची भीती उघडपणे सांगा आणि ती घरच्यांपर्यंत जाऊ नये असेही सांगा. त्या खोलीत मी अनेकांसोबत बसले आहे. बाहेर येताना कित्येकांच्या चेहऱ्यावर महिन्यांनंतर पहिल्यांदा रंग आलेला मी पाहिला आहे, आणि त्यांतल्या काहींनी नंतर मूत्रपिंड दिलेदेखील, स्वतःच्या मनाने.

भीतीपैकी जी माहितीअभावी असेल ती डॉक्टरांकडून दूर करून घ्या. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगू शकतो, म्हणूनच ही शस्त्रक्रिया केली जाते. तरीही ती मोठी शस्त्रक्रिया आहे, तिच्यात जोखीम आहे, आणि दात्याला आयुष्यभर रक्तदाब व मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्या लागतात. शिवाय रक्तगट जुळला म्हणजे सगळे जुळले असे नसते. ऊतींची जुळणी, तुमची साखर, तुमचा रक्तदाब, सगळे पाहून मगच तुम्ही दाता होऊ शकता की नाही हे ठरते. तुमच्या घराने पहिल्याच पायरीवर निकाल लावून टाकला आहे. एक गोष्ट मनात सलते म्हणून इथेच लिहिते. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती अपेक्षा गुपचूप वहिनींकडे किंवा तुमच्या आईकडे सरकेल. तसे होत असेल तर जो हक्क तुम्ही स्वतःसाठी मागता, तो त्यांच्यासाठीही मागा.

दादांचे नाव मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल तर ते काम तुमचे समजा. प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फत ही नोंदणी होते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत आणि त्या त्या विभागाची यादी त्यांच्याकडे असते. प्रतीक्षा लांबते, वर्षेही जातात, म्हणून नाव लवकर लागलेले बरे. तपासण्या वेळच्या वेळी झालेल्या असाव्यात आणि फोन केव्हाही उचलला जाईल असा असावा, कारण मूत्रपिंड उपलब्ध झाल्याचे कळते तेव्हा हातात काही तासच असतात. त्या फोनसाठी दुसरा क्रमांक म्हणून तुमचा द्या.

घरातल्या कोणाहीशी बोलण्याआधी दादांशी बोला. त्यांनी मागितलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला त्या वाक्यात त्यांचे मन दिसते. कदाचित तेही बुधवारच्या त्या वाटेवर हेच ओझे घेऊन गप्प बसत असतील. परतताना ते दमलेले असतात, तेव्हा जातानाच बोला. गाडीवर वाऱ्यात नीट ऐकू येत नाही, आणि डायलिसिसआधी जास्तीचा चहा त्यांना चालणार नाही, म्हणून अर्धा तास लवकर निघा आणि केंद्राच्या अलीकडे कुठेतरी सावलीत गाडी उभी करा.